सरकीचं जहाज

आणीबाणी उठली त्या वर्षी मला हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यातून छातीवर हात ठेवूनच घरी आलो आणि तो हात तिथून हलेना. जेवताना, झोपताना, आत ठोका पडतोय की नाही हेच मी चाचपत असे. सिंदीच्या कापूस-जिनिंगमधली नोकरी सुटल्यात जमा होती. उंबरठा ओलांडायची हिंमत उरली नव्हती. महादेवावर मी रुसलो होतो. पत्नी देवघरात दिवा लावायची तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडायचो.

दवाखान्यात शेजारच्या खाटेवर देवळीकडचे एक म्हातारबुवा होते. उभं आयुष्य त्यांनी जहाजावरच्या भटारखान्यात काढलेलं. बसल्या बसल्या ते लाकडाचं एक हातभर जहाज काचकागदाने घासत. घरी जाताना ते अर्धवट जहाज माझ्या उशाशी ठेवून म्हणाले, "मले आता नीट दिसत नाई. तुमी पुरं करजा. पन पाण्यात सोडल्याबिगर त्याले जहाज म्हणू नका." त्यांचं नाव विचारायचंसुद्धा राहून गेलं.

बरेच दिवस ते फळीवर धूळ खात पडलं. मग एका दुपारी उगाच खाली काढलं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वाळल्या काड्यांच्या डोलकाठ्या केल्या, टकळीवरच्या सुताचे दोर वळले, जुन्या धोतराची शिडं शिवली. कामाला दोन्ही हात लागत. काम थांबलं की हात पुन्हा छातीवर. घंगाळात सोडलं तर जहाज कलंडलं. त्याच्या पोटात वजन हवं होतं. समुद्र मी कधी पाहिलेला नाही, जन्म गेला कापसात. मी आपली सरकी भरली आणि वरून फळी ठोकली. जहाज ताठ उभं राहिलं, मी खूश!

काही दिवसांनी पाहतो तो फळी उचकटलेली, आणि आतून हिरवे कोंब वर आलेले. पत्नी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अवं, जहाजात पऱ्हाटी पेरली काय तुमी?" आणि हसत सुटली. मीही हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. छाती दुखेल ही भीती आलीच नाही. मी फळीखाली कोंडलेली सरकीसुद्धा घंगाळातल्या झिरपल्या पाण्यावर उगवत होती. त्या संध्याकाळी देवघरातला दिवा मी लावला.

कोंब तिने तुळशीजवळ लावले. जहाजात मी वाळू भरली. त्रिपुरी पौर्णिमेला बसने आम्ही पवनारला गेलो, देवाचं नाव घेत, भीत भीत. धाम नदीच्या पाण्यात जहाज सोडलं, त्यावर पणती ठेवली. धारेने ते हळूहळू पुढे नेलं. कुठं अडकतं की काय म्हणून मी काठाकाठाने सोबत निघालो. बऱ्याच वेळाने ते इतर दिव्यांत मिसळलं, दिसेनासं झालं. आता ते माझं नव्हतं, ते राखायचं कामही माझ्याकडे नव्हतं. मनातल्या मनात म्हातारबुवांना नमस्कार केला, महादेवाला केला.

तेवढ्यात मागून पत्नीची हाक आली. वळून पाहिलं तर ती पार लांब, घाटाच्या पायऱ्यांवर उभी. एवढं मी एकटा चालून आलो होतो, आणि माझे दोन्ही हात जोडलेले होते.