तेजोमेघ घेऊन राजूरला

८ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी सहा वाजता मी प्लास्टिकचे सहा पातळ तक्ते जुन्या गोधडीत गुंडाळत होते. अंतराळ दुर्बिणीने टिपलेले एका तेजोमेघाचे मोठे चित्र त्या सहा तक्त्यांवर तुकड्यातुकड्यांनी उठावात उमटवलेले होते. बोट फिरवले की धुळीचे डोंगर, पोकळ्या, तारे हाताला लागत. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी केलेले हे तक्ते वैशालीने पुण्याहून कुरियरने पाठवले होते. मोबाईलवर एक आवाजही पाठवला होता. तेच चित्र, पण सुरांत मांडलेले.

वैशाली माझी विद्यार्थिनी. राजूरची मुलगी, नगरला वसतिगृहात राहून शिकली. आता पुण्यात एका संशोधन संस्थेत आहे आणि याच दुर्बिणीने पाठवलेली माहिती तपासते. पुढच्याच आठवड्यात ती तीन वर्षांसाठी परदेशी निघाली आहे. तिची आई भीमाबाई राजूरला पिठाची गिरणी चालवतात. काचबिंदूने त्यांची नजर गेली त्याला चार वर्षे झाली.

"बाई, मी माझ्या कामाचं सांगायला लागले की आई गप्प होते," वैशाली फोनवर म्हणाली होती. "जायचं तर जा, एवढंच म्हणते. तिला वाटतं, मी तिकडे जाऊन पडद्याकडे बघत डोळे घालवणार. तिला असं मागे टाकून मला जाववत नाही. मी रविवारी सकाळी पोचते. त्याआधी तुम्ही एकदा सांगून बघाल?"

मी पंचवीस वर्षे विज्ञान शिकवते. बघते म्हटले आणि निघाले.

नगरहून थेट गाडी मिळाली नाही म्हणून संगमनेरपर्यंतची धरली. राहुरीच्या पुढे उसाचे ट्रॅक्टर रस्ता अडवून चालले होते आणि मळीचा आंबूस वास (साखर कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांना तो येईनासा होतो म्हणतात) खिडकी लावली तरी आत येत होता. शेजारी एक म्हाताऱ्या बाई पेरूची पाटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. माझ्या बोचक्याकडे त्या बराच वेळ बघत होत्या.

"काय हाय ओ ताई त्यात?"

"आकाशाचा नकाशा आहे, मावशी."

"सातबारा निघतो का तिथला?"

"अजून तरी नाही."

"मग घिऊन ठिवा. माघारून लई भाव येतो," असे म्हणून त्यांनी मला एक पेरू दिला.

संगमनेरला राजूरची गाडी खच्चून भरलेली मिळाली. कंडक्टर म्हणाला, "बाई, ते बोचकं हातात घेऊन किती उभ्या राहता? पुढं बॉनेटवर ठेवा, कुणी हात लावत नाही." मी ते ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या झाकणावर ठेवले. त्यावर कुणीतरी कांद्याचे पोते टाकले, तेही मी बघितले. अकोले मागे पडले तशी सपाटी संपली, वळणे लागली. प्रवरा कधी डावीकडे, कधी उजवीकडे. डोंगर जवळ आले आणि शेतांचे तुकडे लहान लहान झाले. मला बसायला जागा मिळाली होती, वारा चांगला होता. बोचक्याचा विचार मी राजूर येईपर्यंत केला नाही.

राजूरला उतरून पावशेर पेढे घेतले आणि गिरणीचा पत्ता विचारला. विचारायची गरज नव्हती. आवाज रस्त्यापर्यंत येत होता. बाजाराच्या मागे पत्र्याची शेड, लागूनच घर. भीमाबाई स्टुलावर बसल्या होत्या. गिरणीतून पडणाऱ्या पिठाखाली त्यांनी तळहात धरला होता आणि अंगठ्याने ते बोटांवर चोळून पाहत होत्या. पन्नाशीच्या, सडपातळ, भुवयांवर पीठ.

"वैशीच्या बाई का? बसा. येवढं दळान उतरू द्या."

दळण उतरले. डब्याला झाकण लावून त्यांनी गिऱ्हाइकाला नावाने हाक मारली. मग पिठले आणि नागलीची (नाचणीला इकडे नागली म्हणतात) भाकरी वाढली. जेवण झाल्यावर मी गोधडी सोडली.

सहाच्या सहा तक्ते पापडासारखे वाकले होते. डोंगर बसले होते, तारे पुसले गेले होते. उष्णतेने प्लास्टिक मऊ होते, हे मी दर वर्षी सातवीला शिकवते.

भीमाबाईंनी एका तक्त्यावरून हात फिरवला. "बॉनेटवर ठिवलं हुतं व्हय?"

"हो."

"आमच्या बाया बॉनेटवर दहीसुदीक ठिवत न्हाईत."

मी मोबाईल काढला. "आवाज तेवढा शिल्लक आहे. असं समजा, चित्रावर डावीकडून उजवीकडे एक पट्टी सरकतेय. जे उंचावर ते बारीक सुरात, जे खाली ते जाड सुरात. जे जास्त उजळ ते मोठ्याने."

त्यांनी मोबाईल कानाजवळ घेतला. मिनिटभर ऐकले, पुन्हा लावायला सांगितले.

"वर वारं हाय. खाली जाड दळान चाललंय. आन मधी मधी खडं."

"खडे नाहीत, तारे."

"आसंल. दळनात खडा आला की आसाच टनकन वाजतो."

तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी मला फडताळातली मोठी परात काढायला लावली. वरच्या अर्ध्या भागात तांदळाचे बारीक पीठ पसरले, तळव्याने सपाट केले. खाली नागलीचा भरडा (जाडसर दळलेले धान्य) ओतला. मग म्हणाल्या, "आता सावकाश लावा. मी म्हनंल तिथं थांबवा."

मी आवाज लावत गेले, थांबवत गेले. जाड सूर वर चढला की त्या भरड्याचा कडा वर लोटत, उतरला की बोटाने खाली ओढत. खडा वाजला की एक हरभरा. माझ्याकडे तक्त्यांबरोबर आलेले छापील चित्र होते, त्यावरून मी सांगत होते: इथे जरा उंच, इथे सुळका. दोन ठिकाणी त्यांचे चुकले. एका ठिकाणी माझे. चित्रात मला न दिसलेला एक तारा त्यांनी ऐकला होता.

"ह्यो डोंगर कशाचा?"

"धुळीचा आणि वायूचा ढग आहे. वरच्या बाजूला मोठे तरुण तारे आहेत, त्यांच्या किरणांनी तो कोरत आणलाय. एवढा मोठा, की या टोकाहून त्या टोकाला उजेड पोचायला वर्षं लागतात."

"आन वैशी कुटं बगती?"

मी त्यांचे बोट धरून भरड्याच्या कड्यावर ठेवले. "इथं. धुळीच्या आत. तिथं नवे तारे जन्मतायत."

"धुळीतनं दिसतं?"

"डोळ्यांना नाही दिसत. ही दुर्बीण ऊब टिपते. ऊब धुळीतून बाहेर येते."

त्यांचे बोट तिथेच राहिले. "म्हंजी वैशीच्या डोळ्यांनाबी न्हाई?"

"कुणाच्याच नाही. यंत्र मोजतं, त्याचे आकडे येतात. रंग मागाहून भरतात, आपल्याला समजावं म्हणून."

भीमाबाईंनी हात मागे घेतला, पदराला पुसला. मला वाटले, वैशाली म्हणाली तशा आता त्या गप्प होणार.

"मंग ती बी चाचपतीच हाय की," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तिचं समदं बगन्याचं काम. आपन आंदळं मानूस, आपल्याला काय समजायचं तिनं सांगून. म्हनून मी काय विचारायचीच न्हाई."

"तिला वाटलं तुम्ही रागावलात."

"तिला बी खुळीला काय म्हनावं." त्यांनी तीन हरभरे उचलले आणि कड्याच्या आत, भरड्याखाली दाबून बसवले. वर हात फिरवून जागा सारखी केली. मग परातीवर टोपली पालथी घातली. उंदीर शिरू नयेत म्हणून तिच्यावर वरवंटा ठेवला.

पंचवीस वर्षे मी वर्गात असली चित्रे फळ्याला टाचून "बघा" म्हणत आले आहे. त्या रंगांमागे कुणीच काही बघितलेले नसते, हे मात्र मी एकाही वर्गाला सांगितल्याचे आठवत नाही. ते मला त्या दुपारी, वाकलेले तक्ते पुन्हा गोधडीत बांधताना कळले. तिथेच मुक्काम केला. रात्री झोप चांगली लागली.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास वैशाली आली. खांद्यावर पिशवी, चेहरा ओढलेला. दारातच मी होकारार्थी मान हलवली, पण तिला त्याचा अर्थ लागला नसावा. आईच्या पाया पडायला ती वाकली.

"आदी हात धू," भीमाबाई म्हणाल्या. "कोरडं कर. आन हितं बस. डोळं मीट."

"आई, काय आहे हे?"

"मीट म्हनते ना."

त्यांनी लेकीचा हात धरून परातीत ठेवला. वैशालीची बोटे बारीक पिठावरून सरकली, भरड्याच्या कडेला लागली, कडेकडेने चढली, उतरली. एका सुळक्यापाशी थांबली. मग तिने बोट भरड्यात खुपसले आणि आतला पहिला हरभरा तिला लागला. डोळे मिटलेलेच होते. गालावरून पाणी आले ते तिने त्याच हाताने पुसले, हाताचे पीठ तोंडाला लागले.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"निम्मं बाईंनी. निम्मं मी ऐकलं. आता फुडचं तू सांग. ती ऊब येवढ्या लांबनं येती तर मधीच थंड कशी हुईत न्हाई?"

वैशाली आधी हसली, मग सांगू लागली. पहिल्या दोन वाक्यांत ती पुस्तकातले बोलली. भीमाबाई म्हणाल्या, "आसं न्हाई. मला कळंल आसं सांग." तिने पुन्हा सुरुवात केली.

एवढ्यात बाहेर डबे वाजले. रविवारची गिऱ्हाइके आली होती. भीमाबाई उठू लागल्या. मी त्यांना बसा म्हटले, पदर खोचला आणि शेडमध्ये गेले. आदल्या दिवशी बटण कुठे आहे ते बघितले होते.

"काय ओ बाई, शाळा सुटली का कायमची?" रांगेतली एक बाई म्हणाली.

"आज रविवार आहे. बारीक हवं की जाड?"

"बारीक. न्हाई जमलं तर भीमाक्काला सांगीन हां."

"सांगा."

पहिला डबा जाडच उतरला, तो पुन्हा टाकला. दुसरा बरा झाला. माझी अकराची गाडी गेली. दर डब्यानंतर गिरणी बंद केली की आतले बोलणे ऐकू येत होते. कधी लेकीचे, कधी आईचे. बाराला गिरणी थांबवली तेव्हाही ते चालूच होते, म्हणून मी पुढचा डबा उचलला.