घराने ऐकलेला शब्द

केनवडच्या बाजारातून परतताना शेवटचा ऑटो भरून गेला, म्हणून आम्ही दोघी पायीच निघालो होतो. निम्मी वाट झाली असेल. ओढ्याच्या पुलावर विजयमालाकाकूंनी डोक्यावरचं गाठोडं कठड्यावर टेकवलं आणि ते किणकिणलं.

"औषधं आणायले गेल्ता ना तुमी?" मी म्हटलं. "औषधं अशी वाजतात काय वो?"

एरवी त्यांनी मला उलटा टोमणा मारला असता. पण त्या हसल्याच नाहीत.

"बांगड्या हायेत. त्यायच्याच पेटीतल्या."

त्यायच्या म्हणजे शालिग्रामकाकांच्या. काका आमच्या गावचे कासार. तीस वर्षं सायकलला पेटी बांधून ते गावोगाव बांगड्या भरत फिरले. मी या गावात सून म्हणून आले तेव्हापासून माझ्या हातात त्यांच्याच बांगड्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. तेव्हापासून ते खाटेवर आहेत. हाताशी एक काठी असते. काही हवं असलं की खाटेच्या पायावर दोनदा ठोकतात, शेजारी माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतं.

काकू बोलतात ते तोलून. कासाराच्या घरात बांगडी फुटली असं कोणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. त्यात काकूंची एक पक्की समजूत आहे. माणूस घरात जे बोलतो त्याला वास्तू तथास्तु म्हणते, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण काकू म्हणतात, घर अर्धंच ऐकते.

म्हणून त्यांचा कागद माझ्या पिशवीत कोराच होता. आमच्या बचत गटाला तालुक्याच्या ताईंनी एकेक कागद दिला होता. 'नव्या वर्षातलं माझं स्वप्न' असं वर छापलेलं. एक जानेवारीच्या बैठकीत सगळ्यांनी वाचून दाखवायचं. राखीनं पिको मशीन लिहिलं. लिलाबाईंनी लिहिलं, गुडघे न दुखता देवीच्या पायऱ्या चढायच्या. मी सचिव, मी लिहिलं की रोज पोथीचा एक अध्याय वाचीन. त्यावर काकू म्हणाल्या होत्या, "तुहं सपन तं फुकटात होते वं!" आणि आपला कागद कोरा परत दिला होता.

"काहीतरी मनात धरावं काकू, नवीन वर्ष हाय," मी पुलावर म्हटलं.

"धरलं ना माय. धरलं म्हणून तं आज पेटीतला माल घेऊन बाजारात बसली. कोनालेच सांगतलं नाई. एक पोरगी आली. चार चढल्या बरोबर. पाचवी वाढली. अन् थे पोरगी भर बाजारात वरडली, फुटली वं मावशी, फुटली!"

"काचेची वस्तू. वाढतेच."

"तसं नाई, ज्योत्स्ना. मी घरात एक बोलून बसली."

आम्ही चालू लागलो. रस्त्याकडेला बघत त्या बोलत होत्या. काकांना लकवा मारला त्या वर्षी पाडव्याला गुढीपुढं हात जोडून त्या म्हणाल्या होत्या, देवा, यायचं फिरनं थांबू दे. साठीचा माणूस उन्हातान्हात सायकल मारतो, म्हणून. "दसऱ्याले थांबलं," काकू म्हणाल्या.

"डॉक्टर बीपी म्हणले होते."

"बीपी तं होतीच. थांबू दे म्हननारी मी होती."

तिन्हीसांजेला डब्यातले तांदूळ संपले तर मीही संपले म्हणत नाही, डबा भरायचा आहे म्हणते. मी त्यांना कोणत्या तोंडानं वेडी म्हणू?

"परवा सकाळी त्यायचं आंग पुसत होती. तुह्या कागदावर काय लिवावं ते मनात चालू होतं. अन् तोंडातून निंघून गेलं, देवा, या वर्षी मले मोकळी कर."

माझे पाय थांबले. खाटेवरच्या माणसाची बायको मोकळी झाली म्हटलं की आमच्याकडे पुढचं कोणी विचारत नाही.

"मले म्हनायचं होतं, बाजाराच्या दिवसापुरती मोकळी. पेटी घेऊन फिरायले. पन घरानं तेवढाच शब्द उचलला असन तं?"

"काकांनी ऐकलं?"

"ऐकलं. नुसते पायत राह्यले माह्याकडं. तवापासून अर्धीच भाकर खाऊन राह्यले." मग हळूच म्हणाल्या, "थे गेले तं माह्या हातानं बांगड्या कोन भरन? लोकं पयले कुंकू पायतात."

"मी पहिला हात पुढं करीन. ही रीत मले पटत नाही."

"तू करशीन. तुह्या पोरीच्या लग्नात करू देशीन काय?"

मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. अजूनही ते मला बोचतं.

पुढं काकू इतक्या भरभर चालल्या की मला दम लागला. मारुतीच्या पारापाशी त्या रोज हात जोडतात, त्या दिवशी थांबल्यासुद्धा नाहीत. त्यांच्या वाटचा नमस्कार मीच केला. काकांपाशी राखीला बसवलं होतं, ती नळावर दिसली. "आत्ताच आली मी. काका झोपले हायेत, हू की चू नाही," ती म्हणाली. काकूंचा चेहरा पांढरा पडला.

दार लोटलेलं होतं. आत आवाज नव्हता. काकू ओट्यावरच बसल्या.

"काढ तो कागद. आत्ताच लिव."

मी गाठोड्यावर कागद ठेवून लिहायला घेतलं. बाजाराचं आधी लिहिलं, तर त्यांनी माझा हात धरला. "थे मांगून. घर आधीचंच ऐकते." फिरणं हा शब्द खोडायला लावला. मोकळी तर मी लिहिलाच नाही. शेवटी असं झालं: 'या नव्या वर्षी मालक रोज माझ्या हातची पूर्ण भाकर खातील, आणि बाजाराच्या दिवशी मी केनवडला बांगड्या भरीन.' खाली नाव.

तेवढ्यात आत काठी वाजली. एकदाच. आम्ही दुसऱ्या ठोक्याची वाट पाहिली. तो आला नाही.

काकूंनी माझं मनगट घट्ट पकडलं. माझ्या बांगड्या त्यांच्या बोटांखाली दाबल्या गेल्या.

"ज्योत्स्ना, माह्या आधी तू आत शिर. माह्या तोंडाचा मले भरवसा नाई राह्यला. हे मोठ्यानं वाच, भिंतीइले ऐकू जाईन असं. अन् खालचं माहं नाव अर्धं नको वाचजो, माय. पुरं वाचजो, त्यायच्या नावासगट."