गोदाच्या नावची अंघोळ

दुपारी मंदाचा फोन आला. मंदा म्हणजे माझी भावजय. पलीकडून नुसतं रडणं ऐकू येत होतं, आणि त्यातून कसेबसे दोन शब्द, "आक्का… गेलं हो…" मी मेथी निवडत बसले होते. फोन मान वाकडी करून खांद्यात धरला आणि विचारलं, "कोण गेलं? गोदा का? मारलं का शेवटी त्यानं तिला?" वाचणाऱ्याला वाटेल, काय बाई आहे ही! पण माझा धाकटा भाऊ कादंबऱ्या लिहायचा आणि त्या घरातून असे फोन नेहमीच यायचे. कादंबरीतलं एखादं माणूस मेलं की मंदा मला कळवायची, "आक्का, आज ते गुरुजी गेले." मी म्हणायचे, "बरं झालं, लई पाल्हाळ लावत होते." एखादं माणूस तिच्या जिवाला लागलेलं असलं तर ती रडायचीसुद्धा. त्यामुळं मला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. गोदा ही त्याच्या नव्या कादंबरीतली बाई. मी आपली गोदाची चौकशी करतेय, तेवढ्यात शेजारच्या वहिनींनी मंदाच्या हातून फोन घेतला. "आक्का, बाळूभाऊ गेले. तुम्ही लगेच या." तरीही मी विचारलं, "कुठं गेला?"

तुम्ही त्याला पुस्तकावरच्या नावानं ओळखता, मी मरेपर्यंत बाळूच म्हणणार. मरेपर्यंत म्हणजे माझ्या… बघा, अजून जीभ अशी अडखळते. महिना होऊन गेला तरी डोक्यात काही शिरत नाही. रिक्षातून हडको वसाहतीत पोचले तेव्हा तो त्याच्या खाटेवर होता, नेहमीसारखा भिंतीला टेकून. मांडीवरची लिहायची फळी तेवढी कुणीतरी काढून बाजूला ठेवली होती. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तर केस ओलसर. हात ओला झाला म्हणून मी तो पदराला पुसला आणि मंदाला म्हणाले, "अगं, डोकं पुसून दे त्याचं, सर्दी होईल." लोक माझ्याकडं बघायला लागले. निवृत्तीला वर्षसुद्धा झालं नव्हतं. बीपी नाही, शुगर नाही, आदल्या रविवारी माझ्याकडं येऊन चार भाकरी खाऊन गेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. असं कसं बंद पडतं? भिंतीवरच्या घड्याळालासुद्धा बंद पडायच्या आधी मागंपुढं होण्याची रीत असते.

आम्ही मूळचे पाचोडचे. बाळू माझ्याहून सहा वर्षांनी लहान. बहात्तरच्या दुष्काळात आमचे वडील तापानं गेले. विहिरी उघड्या पडलेल्या, आड तळाला गेलेला, प्यायच्या पाण्यासाठी माणसं मैल मैल चालत होती. वडिलांना पोचवून माणसं परत आली तेव्हा अंघोळीला पाणीच नव्हतं. आईनं एक तांब्या बाहेर ठेवला होता. त्यात बोटं बुडवून जो तो डोळ्यांना लावत होता आणि मान खाली घालून घरी जात होता. बाळू म्हणायचा, "आक्का, मला ते सगळं दिसतं गं. बाबांच्या नावची अंघोळ राहूनच गेली." खरं सांगायचं तर त्याला काही दिसत नव्हतं. तेव्हा तो आजारी होता आणि मामीच्या मांडीवर झोपला होता. ते सगळं मी बघितलं होतं आणि पुढं मीच त्याला सांगितलं होतं. त्यानं ते उचललं आणि स्वतःचं करून टाकलं. लेखकाची जातच चोरटी! पण त्यातून त्यानं जी रीत धरली ती मात्र सोडली नाही. कादंबरीतलं कुणी मेलं की हा लेखणी ठेवायचा आणि डोक्यावरून अंघोळ करायचा. मढं पोचवून आलेला माणूस करतो तशी, न बोलता. त्या दिवशी घरात गोडधोड नाही. सुरुवातीला आम्ही हसलो. मंदा नवी नवरी होती, ती तर घाबरलीच. मग सगळ्यांना सवय झाली.

नोकरी पाटबंधारे खात्यात. कालवे कोरडे आणि कचेरी गच्च भरलेली, असं तोच म्हणायचा. पहाटे उठून खाटेवर बसायचा, मांडीवर फळी घ्यायचा आणि कचेरीची वेळ होईपर्यंत लिहायचा. लोकांना वाटतं कादंबरी सुचते. कसली सुचते! रोज जात्यावर बसावं लागतं. आज लिहिलेलं उद्या फाडायचा, परवा पुन्हा तेच लिहायचा. बोलणं लिहिलं की आधी मोठ्यानं म्हणून बघायचा. भांडण असलं तर दोन्ही बाजूंनी स्वतःच भांडायचा, म्हणून शेजारी नव्यानं राहायला आलेले लोक मंदाकडं कीव करून बघायचे. सुट्टीच्या दिवशी एसटीत बसून पाचोडच्या बाजाराला जायचा आणि शेळ्यांच्या सौद्यात उभा राहून नुसतं ऐकायचा. मी विचारायचे, "शेळी घ्यायचीय का तुला?" तर म्हणे, "नाय गं, त्या माणसाचं 'बघा बुवा' घ्यायचंय." चुकाही करायचा. मी शिक्षिका, लाल शाई माझ्या हातात जन्मभर. एका कादंबरीत मी त्याला पकडलं. "अरे बाळू, ही बाई एका पोळ्याला पोटुशी होती, आता दुसरा पोळा आला. पोर आहे का काय आहे?" मग दोन दिवस माझ्याशी बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला. म्हणाला, "आक्का, झाली बाळंत. मुलगी झाली."

पुढं शहर वाढलं. हडकोतल्या त्याच्या खिडकीतून आधी मोकळं रान दिसायचं, डोंगर दिसायचा, मग समोर एकावर एक मजले चढत गेले. करमाडच्या बाजूला कारखाने आले, बिडकीनच्या काळ्या रानात रुंद रस्ते पडले. माणसं वाढली आणि पाणी मात्र आटलं. पावसानं ओढ दिली की नळ आठ-आठ दिवस कोरडे, आणि अलीकडं तर पावसानं ओढ दिली काय आणि नाही काय, सारखंच. शहराचं नाव बदललं, नळाची तऱ्हा काही बदलली नाही. तेव्हा मंदानं कायदा केला. ही मंदा दिसायला गरीब, पण पाण्याच्या बाबतीत कुणाच्या बापाला ऐकत नाही. म्हणाली, "अहो, तुमच्या कागदावरच्या माणसासाठी माझी भरली बादली जाते. ज्याला मारायचंय त्याला पाण्याच्या दिवशी मारा. अधल्यामधल्या वारी कुणी मरायचं नाही." आणि त्यानं ते ऐकलं हो! कडक दुष्काळाच्या त्या वर्षात त्याच्या कादंबरीत एक म्हातारा मरायला टेकला, आणि पाणी काही येईना. टँकर यायचा तो पिण्यापुरता. म्हातारा तीन प्रकरणं घरघर करत पडून राहिला. त्या पडून राहण्यात त्यानं सुनेची माफी मागितली, एक जुनं भांडण मिटवलं, दोनदा शिरा मागितला. शेवटी एकदाचं पाणी सुटलं आणि म्हातारा सुटला. पुढं एका विद्वान माणसानं त्या पुस्तकावर लिहिताना त्या संथ मरणाचं केवढं कौतुक केलं होतं. आम्ही तिघं हसून हसून बेजार. बाळू म्हणाला, "सांगू का त्यांना, महापालिकेचे आभार माना म्हणून?"

आता गोदाचं सांगते. ही नवी कादंबरी लिहायला घेतली तेव्हा पहिली पानं ऐकूनच मी ओळखलं, ही मीच. बिडकीनजवळच्या गावात दिलेली पोर, लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेलेला, सासरी मोलकरणीसारखी राबणारी. कॉलेजातलं तिचं धाकटं भावंड एके दिवशी एसटीनं येतं आणि ओट्यावर बसलेल्या दहा माणसांसमोर म्हणतं, "आक्का, ट्रंक घे, चल." हे जसंच्या तसं घडलेलं आहे. तेव्हा बाळूला मिसरूडसुद्धा नीट फुटलं नव्हतं. सासरे म्हणाले होते, "पोरा, हिचं करशील काय?" तो म्हणाला, "शिकवीन." आणि शिकवलं. स्वतः एकवेळ जेवून मला शिक्षिका केलं. तर ही गोदा. साडी तेवढी दुसऱ्या रंगाची नेसवली होती. मी म्हटलं, "मला मारणार नाहीस ना रे शेवटी?" तो म्हणाला, "आक्का, मरावं तर लागंल. कादंबरी तिच्या मरणापाशी येऊन थांबते. पण धीर होईना बघ." असं तो पावसाळाभर म्हणत होता. मंदा सांगायची, गोदा खाटेला लागलीय, आज जाणार, उद्या जाणार. पाण्याचे वार येऊन जात होते आणि गोदा काही जात नव्हती.

बाळूचे दिवस झाले, पाहुणे गेले. मी मंदाजवळ राहायला गेले, कारण ती बोलत नव्हती. रडतही नव्हती. जेवायला वाढलं तर दोन घास खायची. मी समजत होते, दुःख आहे, निवेल हळूहळू. मग पाण्याचा दिवस आला. गल्लीत एकच कल्ला, "पाणी सुटलं, पाणी सुटलं!" शेजारच्या वहिनी दारातून ओरडून गेल्या. मंदा जागची हलली नाही. ज्या बाईनं पाण्यासाठी सख्ख्या बहिणीशी भांडण काढलं, ती नळाकडं पाठ करून बसलेली. मी चिडले. मला रागच लवकर येतो, काय करू! म्हटलं, "मंदे, ड्रम कोरडा पडलाय. काय ठरवलंयस तू?" तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "आक्का, त्या नळाला मी हात लावणार नाही. मीच मारलं त्यांना."

मग तिनं सांगितलं. बाळू गेला त्या दिवशीही पाणी आलं होतं. बाळू सकाळीच म्हणाला होता, "आज गोदाला जाऊ देतो. आज नक्की." दुपार होत आली तरी हा लिहीत बसलेला. नळाची धार बारीक व्हायला लागली तशी ही ओरडली, "अहो, पाणी जाईल. आधी अंघोळ उरकून घ्या, मग मारत बसा निवांत!" तो हसला. म्हणाला, "उलटं होतंय, मंदा." ती म्हणाली, "कागदावरच्या माणसाला काय उलटं अन् काय सुलटं." मग तो न्हाणीत गेला, डोक्यावरून पाणी घेतलं, ओल्या केसांनीच खाटेवर येऊन बसला आणि फळी मांडीवर घेतली… एवढं सांगून मंदानं फळीखालची पानं माझ्यापुढं ठेवली. शेवटच्या पानावर गोदा खाटेवर आहे. भाऊ उशाशी बसलाय. गोदा डोळे उघडते आणि म्हणते, 'जेवलास का?' त्याच्यापुढं काही नाही.

"गोदा मेलीच नाही, आक्का," मंदा म्हणाली. "मरणाची अंघोळ तर झाली. मग ती कुणाच्या नावची झाली? सांगा ना तुम्ही. शिकलेल्या आहात."

मी सांगितलं ना तिला, सगळं सांगितलं! हृदय बंद पडतं ते अंघोळीनं नाही, डॉक्टर काय खोटं बोलले, असलं काही मनात आणू नये. ती म्हणाली, "डॉक्टरला काय ठाऊक, ह्या घरात अंघोळ कशाला असायची ते?" बाहेर नळ वाहत होता. ही बाई आता हा दगड उरावर घेऊन जन्म काढणार, हे मला लख्ख दिसत होतं. प्रकाशकांचा निरोप आलेला होता की कादंबरी आहे तिथंच संपवू, 'जेवलास का' हाच शेवट. छानच आहे तो, मी 'हो' म्हणूनही टाकलं होतं. पण मंदाचं त्यात भागत नव्हतं.

मी बाळूच्या खाटेवर बसले. फळी मांडीवर घेतली. जन्मभर पोरांचे निबंध तपासले, पण एका माणसाला कागदावर मारणं म्हणजे काय असतं ते त्या दिवशी कळलं. पहिलं वाक्य लिहिलं, खोटं वाटलं, खोडलं. गोदा मरेना. तिला पाणी पाजलं, कूस बदलली, भावाकडं बघायला लावलं, तरी मरेना. हे काम हा माणूस रोज पहाटे उठून करत होता आणि वर कचेरीतही जात होता! शेवटी चार ओळी जमल्या. भाऊ म्हणतो, 'जेवलो, आक्का.' गोदा म्हणते, 'मग झालं.' आणि डोळे मिटते. त्या ओळी मी छापायला दिलेल्या नाहीत, देणारही नाही.

मंदाला वाचून दाखवल्या. ती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "गेली?"

"गेली," मी म्हटलं. "आता नीट ऐक. गोदा म्हणजे मी, हे तुला माहीत आहे. आधी मी गेले, मोठी होते म्हणून. मग धाकट्या भावानं माझ्या नावची अंघोळ केली. त्याच्यानंतर तो गेला. थोरलं आधी, धाकटं मागनं. असंच असायला पाहिजे का नको?"

"व्हय," मंदा म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा भडभडून रडली. मीही रडले. नळाला अजून धार होती. डोळे पुसत आम्ही दोघींनी ड्रम भरून घेतला.