व्हिटलॉकच्या नावावरचे डाग

पेरूच्या बंदरातली अमेरिकन सरकारच्या प्रतिनिधीची, म्हणजे कॉन्सलची, सहा वर्षांची नोकरी आटोपून ऑरिन व्हिटलॉक ओहायोतल्या टर्नर्स फोर्डला परतला, तेव्हा गावानं बँड वाजवला. महिनाभरात तेच गाव त्याच्या नावानं बोटं मोडू लागलं. त्याचा गुन्हा एवढाच, की त्यानं ओसरीवर पितळी पिकदाणी ठेवली आणि थुंकायचं ते हिच्यातच, असं भल्याभल्यांना तोंडावर सांगितलं.

तंबाखू न चघळणारा मतदार त्या गावात औषधालाही नव्हता. ऑरिनही एकेकाळी चघळायचा. वाक्यागणिक पिचकारी टाकत, गावोगाव भाषणं ठोकत तो दोनदा विधानसभेत गेला आणि त्या बळावर कॉन्सल झाला. परत आला तो तंबाखू सोडून, खिशात पांढरा रुमाल घेऊन.

आता तो तिसऱ्यांदा उभा होता. निवडून आलास तर युरोपातली वकिलात तुझी, असं वॉशिंग्टनहून पत्र आलं होतं. बायकोनं, लॅविनियानं, तिथल्या पडद्यांचं कापडसुद्धा पसंत केलं होतं. हरला तर वडिलांची लाकूड कापायची गिरणी होतीच.

मत द्यायचं म्हणजे पक्षानं छापलेली चिठ्ठी पेटीत टाकायची. त्यावरचं नाव नको असेल, तर दुसऱ्या नावाची डिंक लावलेली पट्टी चाटून वर चिकटवायची. मतदानाच्या दिवशी दुपारी कोर्टाच्या पायऱ्यांवर ऑरिनला शेजारचा ईबेन दिसला. जीभ बाहेर, हातात पट्टी. पट्टीवर नाव होतं समोरच्या उमेदवाराचं: हायरम स्टेबिन्स, खोगिरं शिवणारा.

"ईबेन, माझ्याच पक्षाचा ना रे तू?"

"आहे की! पण तुमच्या पिकदाणीला सलाम करण्यापेक्षा डिंक चाटलेला बरा, कॉन्सलसाहेब."

पायऱ्यांवरचे सगळे खिदळले.

संध्याकाळी कोर्टातच मोजणी झाली. म्हातारा कारकून जोसाया ट्रिप एकेक चिठ्ठी वाचत होता आणि खाली बसलेले लोक श्वास रोखून ऐकत होते. व्हिटलॉक दोनशे बारा, स्टेबिन्स दोनशे सात. मग ट्रिपनं पेटी उपडी केली, तर तळातून हायरमच्या नावाच्या सात सुट्या पट्ट्या भुरभुरत मेजावर पडल्या.

"डिंक कुणी केला होता रे?" ट्रिप करवादला. "ह्या कुठल्या चिठ्ठ्यांच्या, कुणाला ठाऊक! कायदा म्हणतो, चिठ्ठीवर दिसेल ते मत. हायरम, तुझी काही हरकत?"

हायरम कानापर्यंत लाल झाला. "हरकत घेऊन करू काय? पट्ट्या काय साक्ष देणार आहेत?"

"ऑरिन, तुझी?"

ऑरिनची नजर समोरच्या गठ्ठ्यावर खिळली होती. काही चिठ्ठ्यांवर त्याच्याच नावावर एकेक आडवा तपकिरी डाग होता, पट्टीएवढा लांब, पट्टीएवढा रुंद. तंबाखूभरल्या जिभेनं चाटलेली पट्टी गळून पडली, तरी डाग राहिला होता. ट्रिपनं त्याच चिठ्ठ्या दोनदा हाताळल्या आणि त्याला काही दिसलं नाही. दिसणार कसं? जमीन, भिंती, ट्रिपची दाढी, सगळं त्याच रंगाचं. तो रंग बघायला डोळे सहा वर्षं परदेशी राहून यावे लागतात.

त्या सहा वर्षांत ऑरिननं जहाजांचे कागदच तपासले होते. मोहर उखडली तरी तिची जागा दिसते, एवढ्या एका गोष्टीवर त्यानं किती कप्तानांना बंदरात अडकवून ठेवलं होतं! आज मात्र नुसतं "नाही" म्हटलं की झालं. युरोप, पडदे, सगळं पदरात.

"ऑरिन, लेका, बोल की! लिहू ना?" ट्रिपनं लेखणी दौतीत बुडवली.

"थांब." ऑरिननं गठ्ठा ओढला आणि डागाच्या चिठ्ठ्या एकेक करून बाजूला मांडल्या. नेमक्या सात. "ह्या हायरमच्या. वास घेऊन बघ हवं तर."

ट्रिपनं खरोखरच वास घेतला. पट्ट्या डागांवर ठेवून पाहिल्या, त्या बरोब्बर बसल्या. व्हिटलॉक दोनशे पाच, स्टेबिन्स दोनशे चौदा.

मग हायरमनं खिशातून तंबाखूची वडी काढून पुढे केली. "घे रे, ऑरिन."

ऑरिननं तुकडा तोडून दाढेखाली धरला. थोड्या वेळानं तो इकडेतिकडे बघू लागला. कोर्टात पिकदाणी कुठली असायला! त्यानं पांढरा रुमाल काढला आणि त्यातच थुंकला.

"आता मात्र हद्द झाली!" ईबेन ओरडला.

अख्खं कोर्ट हसलं. तोंडाला रुमाल लावून ऑरिनही.