लटिसिमसची ओढ

“ल… टिस्!” ती इतक्या जोरात ओरडली की टेबलावरच्या सांगाड्याचा उघडा जबडा आपोआप मिटला. खिडकीतले कावळे उडाले ते थेट चिंचणीला जाऊन टेकले असणार. एवढं करून ती गप्प उभी.

बोईसरच्या एका नर्सिंग कॉलेजातली तोंडी परीक्षा. मुंबईहून आलेल्या परीक्षकांनी एका स्नायूचं नाव विचारलेलं, शेजारी मी, तिला शरीररचना शिकवणारा. मुलगी दातिवऱ्याची, कोळ्यांच्या घरची. आधी एकदा नापास झालेली. या खेपेला घसरली तर शिक्षण बंद, असं वडिलांनी बजावलेलं.

लॅटिन शब्दांचे तुकडे पाडून जोर कुठे द्यायचा, हे मी वर्षभर डस्टर आपटून शिकवलं. शेवटून दुसरा तुकडा लांब असेल तर जोर त्याच्यावर: ड्यु-ओ-डी-नम, लहान आतड्याचं तोंड, त्यात ‘डी’वर. आखूड असेल तर त्याच्या आधीच्यावर: ल-टिस्-सि-मस, ‘टिस्’वर. तीन डस्टर आणि अर्धी भिंत संपली, पोरी सगळे तुकडे एकाच वजनाचे टाकत राहिल्या. शेवटी हिनंच वाट काढली. होडी वाळूवर ओढताना एक जण पुकारतो, जोराच्या जागी दोराला हिसका बसतो आणि बाकीचे ‘हैस्सा’ म्हणतात. शब्द तसा ओढला की जोर चुकत नाही. आठवड्यात अख्खा वर्ग लॅटिन ओढायला लागला.

पण त्या पुकाऱ्याचा एक रिवाज आहे. ‘हैस्सा’ आल्याशिवाय पुकारणारा पुढचं बोलत नाही. बोलला तर होडी मागं सरकून कुणाच्या तरी पायावर येते. त्या खोलीत हैस्सा म्हणायला होतो आम्ही दोघंच.

“विसरलीस का गं?” परीक्षकांनी पेन उचललं.

ती गप्पच. मला काही सुचवायची मनाई. मी माझे बूट बघत बसलो.

तेवढ्यात दाराबाहेर रांगेत उभ्या तीस पोरींनी, मी तर तीनशे म्हणेन, एकदम ‘हैस्सा’ केलं. पंखा उलटा फिरला.

“सि-मस डॉर्साय,” ती शांतपणे म्हणाली. “पाठीचा रुंद स्नायू. दंड मागं ओढतो.”

परीक्षकांनी कानात करंगळी घालून फिरवली. “उच्चार बरोबर आहे,” म्हणाले आणि पास केलं.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, “आता वॉर्डात हैस्सा कोण म्हणणार?”

“पेशंट हाय ना, सर.”