दात लागलेली गिटार

नागपूरच्या दुकानांत आजवर जेवढ्या गिटारी आल्या असतील, त्यांतल्या निम्म्या तरी माझ्या थोरल्या साडभाऊंनी नापास केलेल्या आहेत. उरलेल्या निम्म्या त्यांच्या नजरेस पडायच्या आत विकल्या गेल्या म्हणून वाचल्या. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नाही. तारेला बोट लावलंच तर गरम तव्याला लावावं तसं लावतात आणि लगेच काढून घेतात. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. तिथं नेमकं काय तपासायचे हे त्यांनी नोकरीभर बायकोलाही सांगितलं नाही, पण तपासायचे एवढं घरादाराला ठाऊक होतं, कारण घरी आल्यावरही त्यांचं तपासणं थांबत नसे. ताटातल्या पोळ्या एकावर एक ठेवून कडा जुळतात का ते पाहणारा दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही. सदऱ्याच्या खिशात पेनाच्या शेजारी फटी मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा असे. एकदा माझ्या लेकीच्या लग्नात त्यांनी मांडवाचे खांब मोजले आणि एक खांब आखूड आहे हे लग्न लागायच्या आत मला येऊन सांगितलं.

त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सगळेच ताई म्हणतो. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत असताना शेजारी शिलाँगकडच्या एक बाई होत्या. त्यांच्याकडे रोज दुपारी जाऊन ताई गिटार शिकली आणि बुद्धविहारात म्हणायची गाणी तिनं एकेक करून त्या सहा तारांवर बसवली. मग शेजाऱ्यांची बदली झाली, सामानाबरोबर गिटारही गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ताई भाजी निवडताना डाव्या हाताची बोटं नुसतीच परातीच्या काठावर चालवत असे. ते पाहून साडभाऊंनी शब्द दिला, "रिटायर झालो का तुले गिटार घेऊन देतो. चांगली घेऊन देतो."

त्या 'चांगली'नं सगळा घात केला. साडभाऊ रिटायर झाले, भंडारा जिल्ह्यातच आंधळगावला घर बांधलं, आणि चांगल्या गिटारीचा शोध सुरू झाला. तो चार वर्षं चालला. त्यांची पद्धत साधी होती. नागपूरच्या दुकानात जायचं, एकाच बनावटीच्या पाच गिटारी काढायला लावायच्या, पाची ओळीनं मांडायच्या, दाताचे डॉक्टर वापरतात तसला छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन प्रत्येकीच्या पोटात डोकावायचं, एक डोळा मिटून मान सरळ आहे का बघायचं, तारांखाली पट्टी सरकवायची आणि सगळं डायरीत उतरवायचं. पाची पास झाल्या तरच त्यांतली एक घ्यायची. "एक तं कोनाचीबी चांगली निघते, साडभाऊ," ते मला म्हणत. "पाचवीबी पहिलीसारखी निघाली पाह्यजे. थो खरा कारागीर."

एका परदेशी कंपनीच्या तीन गिटारी दुकानातल्या पोरानं वाजवल्या तेव्हा अशा गोड निघाल्या की दुकानातलं गिऱ्हाईक थांबून ऐकू लागलं. पण चौथीची मान किंचित वाकलेली होती आणि पाचवीच्या पोटात डिंकाचे ओघळ दिसले. साडभाऊंनी डायरीत लिहिलं, 'हात चांगला, ध्यान नाही.' कोलकात्याच्या एका कारागिराच्या पाच गिटारींचे पाच आवाज ऐकून ते म्हणाले, "या मानसाच्या घरी काहीतरी टेन्शन आहे." आणि एका अगदी साध्या, स्वस्त गिटारी करणाऱ्याच्या पाची तपासून त्यांचा चेहरा उजळला. "हा इमानदार! पाचीच्या पाची सारख्याच वाईट. याले सुधरवता येते. जो कधी चांगला, कधी वाईट, त्याले काय सांगान?" त्यांनी त्या कारागिराला दोन पानी पत्र लिहून गिटारीची मान कुठं किती खाली घ्यावी ते कळवलं. उत्तर आलं नाही. पण पुढच्या वर्षी मोजलं तर मान सांगितल्याप्रमाणे खाली आली होती, आणि साडभाऊंनी त्या आनंदात दुकानभर पेढे वाटले. गिटार घेतली नाही, कारण बाकीचं अजून सुधारायचं होतं.

इकडे ताईची बोटं सकाळी आखडू लागली. डॉक्टर म्हणाले, बोटं चालवत राहा, नाहीतर कायमची बसतील. मी आंधळगावला गेलो तेव्हा चहाचा कप तिनं दोन्ही तळव्यांत धरून माझ्यासमोर ठेवला. "ह्यायले समजावून सांगा जी," ती हळू आवाजात म्हणाली. "चांगली गिटार आज ना उद्या भेटन. बोटं कुठून आनतीन?"

त्याच आठवड्यात मी रजा काढली आणि साडभाऊंना घेऊन नागपूर गाठलं. दुकानदारानं सवयीनं पाच गिटारी मांडल्या. पहिलीच इतकी छान निघाली की साडभाऊ अस्वस्थ झाले. मान सरळ, पोट स्वच्छ, तारा जागच्या जागी. आता एकच शंका उरली होती, लाकूड नीट वाळलेलं आहे की नाही. आता साडभाऊ म्हणजे धानाच्या घरात वाढलेला माणूस. धान वाळलं की नाही हे आमच्याकडे दाणा दाताखाली धरून पाहतात. कट् वाजला तर वाळला, दबला तर ओला. विचारात गढलेल्या साडभाऊंनी गिटार उचलली, तिच्या डोक्याचा कोपरा तोंडात धरला आणि चावले.

कट् वाजलं नाही. लाकडावर दोन दातांच्या खुणा स्पष्ट उमटल्या होत्या. चार वर्षं ज्यानं एका शब्दानं तक्रार केली नव्हती, तो दुकानदार म्हणाला, "अंकल, अब तो ये आपकी हुई."

"पन बाकीच्या चार पाह्यच्या आहेत ना जी!"

"उनको दूर से देखो."

परतीच्या बसमध्ये गिटार मांडीवर घेऊन साडभाऊ खाली मान घालून बसले होते. भंडारा येता येता ते म्हणाले, "एकच पाहून घेतली, साडभाऊ. आयुष्यात असं केलं नाई." घरी ताईनं दातांच्या खुणांवरून बोट फिरवलं, सगळी हकीकत ऐकली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग विचारलं, "मले पाह्यले आले होते तवा त्याच्याआधी किती पोरी पाह्यल्या होत्या जी?"

"येकीबी नाई. तुलेच पाह्यलं."

"मंग? पस्तावले का?"

साडभाऊंनी या प्रश्नावरही थोडा विचार केला, कारण बिनविचारानं शेरा मारणं त्यांच्या रक्तात नाही. "नाई," ते म्हणाले.

मागच्या महिन्यात मी पुन्हा गेलो. ओट्यावर सकाळचं ऊन आलं होतं आणि ताई विहारातलं जुनं गाणं वाजवत होती. तिसरी तार एका जागी खरखरत होती. माझ्यासारख्याला ऐकू आली म्हणजे साडभाऊंना आलीच असणार, पण त्यांचा हात खिशातल्या पट्ट्यांकडे गेला नाही. ते डायरीत काहीतरी लिहीत होते. मी वाकून पाहिलं. कारागिरांची पानं केव्हाच संपली होती. आता रोजची तारीख होती आणि पुढे एकेक ओळ: 'आज दोन बोटं.' 'आज तीन, अर्धं गाणं.' 'आज जमलं नाही.' 'आज पूर्ण गाणं.' शेवटच्या ओळीखाली त्यांनी दोनदा रेघ मारली होती. त्या क्षणी मला या माणसाचा फार लोभ वाटला.

मधेच ताईचं बोट अडलं. तिनं हात झटकला, बोटं चोळली आणि ओशाळून म्हणाली, "रोज सारखं नाई येत न जी."

साडभाऊंनी डायरी मिटली.

"सारखं नाई आलं तं नाई आलं," ते म्हणाले. "येऊन राहिलं ना. वाजव."