सूर्यवेधशाळेची भिंत

आखातातल्या मआमीर गावाच्या पुढे वारा फिरला की तेलशुद्धीकरणाचा उग्र दर्प आणि उथळ समुद्राची खारट वाफ एकत्र घशाशी येत. त्या वासातच ती सूर्यवेधशाळा उभी होती. सत्तरचे दशक सरत आले होते. जर्मनीतल्या एका जुन्या वेधशाळेच्या चित्रावरून, भूमितीपेक्षा भावनेला मानणाऱ्या कुणा परदेशी वास्तुकाराने तिचे वळसे काढले होते. कोपरा म्हणून नाही, खिडक्या खोबणीत गेलेल्या डोळ्यांसारख्या. एकसंध काँक्रीटची भासावी म्हणून विटांवर गिलावा थापून घडवलेली ती वास्तू मला पहिल्यापासूनच खोटी वाटे. त्या गिलाव्याची जबाबदारी माझ्या इंजिनीयर नवऱ्यावर होती आणि खाऱ्या हवेत तो पुनःपुन्हा तडकत होता. प्रत्येक तड्यागणिक त्यांची रजा लांबणीवर पडे. रजेवाचून आम्हा तिघांना कंपनीची विमानाची तिकिटे नव्हती, आणि तिकडे वेंगुर्ल्यात काचबिंदूने माझ्या आईची दृष्टी विझत चालली होती. नातीचा चेहरा तिने अजून पाहिला नव्हता.

त्या शुक्रवारी तिथले संचालक, सगळ्यांचे ‘मुदीर’, अखेरची पाहणी करणार होते. भिंती निर्दोष निघाल्या तरच रजा, म्हणून आम्ही मायलेकीही यांच्यासोबत तिथे गेलो होतो.

“मम्मा, इट्स अ बिग शू!” लेक वास्तूकडे बोट दाखवत म्हणाली.

“बूटच आहे, बाई. आपल्या छातीवर ठेवलेला.”

“अगं, हळू,” म्हणता म्हणता हे थबकले. दाराशेजारी, कमरेच्या उंचीवर, ओल्या केसासारखी नवी भेग उमटली होती. मुदीरांची गाडी फाटकातून आत वळत होती.

“इथे टेकून उभी राहा. पदर मोकळा सोड.”

“आता या भिंतीची राखणही मीच करू?”

“आईंना भेटायचंय ना?”

मी टेकले. उन्हाने तापलेली भिंत ब्लाउजमधून पाठीला भिडली. मुदीर आले; समोर परस्त्री दिसताच त्या सभ्य गृहस्थाने, तिथल्या रीतीप्रमाणे, नजर खाली वळवली आणि “अहलन” असे अभिवादन करत ते आत गेले. परतताना त्यांनी यांच्या खांद्यावर थाप मारली. “खलास! गो होम नाऊ!”

गाडी दिसेनाशी झाली तशी मी हर्षाने यांच्याकडे वळले. ते मला ओलांडून भिंतीपाशी पोचले होते. भेगेवरून त्यांची बोटे इतकी हळुवार फिरत होती, की तापाने फणफणलेल्या लेकीच्या कपाळावरही तो हात मी तसा पाहिला नव्हता. आईला दिसते आहे तोवर आम्ही पोचणार होतो. तरी पाठीवरचा खारा भुगा झटकताना मला उमगेना, मला तिथे उभी करून त्यांनी नेमके कोणाला वाचवले होते.